कमानीवरचा डावा हात

गुरुजी,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा डाव आहे. मला गावात बोलावून घ्यायचं, चार माणसांसमोर माफी मागायला लावायची, आणि मग तुम्ही खाटेवर उठून बसून चहा सांगायचा. फोन तुमच्या पुतण्याचा होता. मी त्याला दोनदा विचारलं, खरं सांगून राहिला का म्हणून. तो रडायला लागला. तरी मुर्रीच्या माझ्या मंडपाच्या गोदामातून निघताना मी कामावरच्या आमच्या डोमाला सांगितलं, तासाभरात येतो, ट्रक भरून ठेव.

परत यायला संध्याकाळ झाली. तुम्ही खरंच गेला होतात.

तेराव्या दिवसाच्या शोकसभेला मी मागे उभा होतो. तुमच्या नोकरीची वर्षं, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं, मिळालेले सत्कार, सगळं वाचून झालं. मंडप गोंदियाच्या दुसऱ्या कोणाचा होता. मला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, कोणी सांगू दिलं नाही, याचा हिशोब मी भाषणं चालू असताना मनात मांडत होतो. माझ्या डोक्याजवळचा एक तणावा ढिला होता, दोर खुंटीपाशी लोंबत होता. वारा आला असता तर तो कोपरा बायकांच्या अंगावर आला असता. मी कोणाला न दाखवता तो ओढून घट्ट केला. दुसऱ्याच्या मंडपाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला, तो तुमच्यासाठी.

त्या सगळ्या भाषणांत एकानंही चित्राचं नाव काढलं नाही. आपल्या दोघांत जे काही होतं ते तर त्या चित्रातच होतं. म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही आता मधेच बोलू शकत नाही, याचा फायदा घेऊन राहिलो असं समजा. समोरचा गप्प असला की मला नेहमीच बरं पडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सातवीत तुम्ही माझ्या डाव्या हातातला ब्रश काढून उजव्या हातात दिला होता. मारलं नाही, हे खरं. नुसता हात बदलला. मी परत डाव्यात घेतला की तुम्ही परत बदलायचा, तासाला चार वेळा. उजव्या हातानं मी केळं काढलं ते वांग्यासारखं झालं आणि वर्ग हसला. आमच्या घरात आजा डावखुरा, बाप डावखुरा, मी डावखुरा. सुपं, टोपल्या, धान्याच्या ढोल्या हे आमचं काम. डाव्या हाताची वीण उलटी पडते. बाजारात लोक लांबून आमचा माल ओळखायचे, ते त्या उलट्या विणीवरून. तुम्ही त्या हाताला चूक समजलात. आठवीत मी शाळा सोडली ती काही त्यामुळे नाही. घरात खायला नव्हतं म्हणून सौंदडच्या स्टेशनावर बांबूच्या मोळ्या उतरवायला गेलो. पण शाळा सोडताना तुमची आठवण काढून दोन शिव्या दिल्या होत्या, ते आज सांगून टाकतो.

पुढं मंडपवाल्याकडे राहिलो, मग स्वतःचा मंडप केला, आणि माझ्या पहिल्या गेटचं काम दिलं ते तुम्हीच. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा गेट होता. मी तेव्हाही तुमच्यावर संशय घेतला होता. म्हटलं, मास्तर फुकटात करून घ्यायला बघतो. तुम्ही गेटखाली उभे राहून वर पाहत राहिलात आणि म्हणालात, "वरचा भाग थोडा मोठा कर. खालून पाहणाऱ्याले वरचं लहान दिसते." एवढंच. त्या एका वाक्यावर माझे गेट गोंदियात नाव करून गेले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमचा भाव वाढला असता.

आता चित्राकडे येतो.

तुमच्या मुलीच्या लग्नाचा मंडप माझा होता. खुर्च्या मोजायला मी तुमच्या बैठकीत आलो आणि भिंतीवर ते दिसलं. दार आडवं केलं तर होईल एवढं मोठं, कापडावर चिकटवलेल्या कागदाचं, काच लावलेलं. गेरूचा लाल, निळीचा निळा आणि हळदीसारखा पिवळा, बाकी रंग नाहीतच. तलावाची पाळ, पाण्यात मासे, पाळीवर वाजंत्री, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका. आणि मधे कमान. झाडांपेक्षा उंच, खाली माणसं मुंग्यांसारखी. कमानीच्या अगदी टोकावर एक माणूस वाकून बसलेला. तोंड पलीकडे. डावा हात वर.

मी खुर्च्या मोजायचं विसरलो.

माझा बाप एक गोष्ट सांगायचा. गावच्या तलावाची पाळ फुटली होती, ती तुमच्या आजोबांनी उभं राहून बांधून घेतली. तुमच्या घराण्याचं कामच ते, तलाव बांधणं. पहिलं पाणी भरलं तेव्हा मोठा उत्सव केला आणि पाळीवर कमान उभारली. ती कमान माझ्या आज्यानं बांधली. शेवटची गाठ मारायला तो टोकावर चढला तेव्हा परगावचा एक चितारी खाली बसून चित्र काढत होता. बाप पुढं एवढंच जोडायचा, की उतरल्यावर आज्याला पंगतीत बसवलं नाही. त्याचं पान पाळीच्या पलीकडे, मोहाच्या झाडाखाली मांडलं. ते चित्र कुठं गेलं हे बापाला माहीत नव्हतं. ते तुमच्या बैठकीत होतं.

त्याच क्षणी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. गुरुजी, हा माझा आजा. संपलं असतं. पण माझा धंदा मी असा शिकलो नाही. जुने पाइप, जुन्या कनाती, एकदा तर एका माणसाचा आख्खा बुडालेला मंडप मी घेतला, तो एकाच रीतीनं. ज्या वस्तूवर जीव आला तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं. तिच्यात खोट काढायची. समोरच्याला वाटलं पाहिजे, की ही ब्याद हा माणूस उपकार म्हणून नेऊन राहिला.

मी तेच केलं. तुम्हाला म्हणालो, "गुरुजी, हे कायले टांगून ठेवलं? कोपरा वाळवीनं खाल्ला, रंग उडून राहिले. अन् कमान तरी कायची? बांबू अन् चिंध्या. एका दिवसाचा तमाशा. द्या मले, गोदामात एक भिंत रिकामी आहे."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "तमाशा आहे तं मंग तुले काऊन पायजे?"

"भिंत रिकामी आहे म्हणून."

"मंग राहू दे रिकामी," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

त्यानंतर किती वर्षं हे चाललं. दर खेपेला मी दवनीवाड्याच्या रस्त्यानं जाता जाता सहज आल्यासारखा यायचो, चहा प्यायचो, चित्राला नावं ठेवायचो. कधी काच फुटेल म्हणायचो, कधी घरात अशी जुनी वस्तू बरी नाही म्हणायचो. काकी आतून ओरडायच्या, "आला का तुमचा चित्रवाला?" तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत, कधी नाही म्हणाला नाहीत. मला खात्री होत गेली, की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही माझ्यापेक्षा पक्के व्यापारी आहात.

मागच्या वर्षी तलावातला गाळ निघाला, पाळ दुरुस्त झाली आणि पावसाळ्यात पाणी काठोकाठ आलं. गावानं दिवाळीनंतर उत्सव ठरवला. सगळ्यांचं एकच म्हणणं, गेट पाहिजे तो गुरुजींच्या चित्रासारखा. काम अर्थातच माझ्याकडे आलं. आणि दोन महिने आपण दोघं त्या चित्रासमोर बसलो. माझ्या आयुष्यात मी कोणाबरोबर एवढा वेळ बिनकामाचा बसलो नाही. बायकोलाही संशय आला, की मी नक्की कुठं जातो.

तुम्ही म्हणायचा, कमान दगडाची आहे. चौकोन चौकोन आखलेत ते चिरे. मी म्हणायचो, ते चिरे नाहीत, तट्टे आहेत. विणलेले तट्टे गेरूनं रंगवून बांबूच्या सांगाड्यावर बसवले की त्यांच्या कडा अशाच दिसतात. तुम्ही म्हणायचा, टोकापासून जमिनीपर्यंत बारीक रेघा आल्यात ना, त्या पताकांच्या माळा. मी म्हणायचो, माळा अशा ताठ नसतात, मधे झोल येतो. ते तणावे आहेत. उंच सांगाडा वाऱ्यानं कलू नये म्हणून चारी बाजूंनी ओढलेले दोर. दगडाच्या कमानीला कोण तणावे लावते? त्यावर तुम्ही उठून काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिलात. नंतर म्हणालात, "बांबूची कमान दुसऱ्या दिवशी सोडतेत. जे दुसऱ्या दिवशी राहणार नाही, त्याचं चित्र कोणी कायले काढून घेईल?"

उत्तर होतं माझ्याजवळ. दगडाची असती तर चित्र कशाला काढलं असतं? ती उभीच राहिली असती, ज्याला पाहायची त्यानं जाऊन पाहिली असती. जे सोडून टाकायचं असतं त्याचंच चित्र काढून ठेवावं लागतं. माझ्या पोटाची भाकरी अशा वस्तूंवर आहे, ज्या आज उभ्या करायच्या आणि उद्या गाडीत भरायच्या. हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण तसं बोललो असतो तर माझा चित्रावर जीव आहे हे तुम्ही ओळखलं असतं.

मी वाट पाहत होतो, ती तुम्ही त्या वरच्या माणसाकडे कधी येता याची. सौद्यात मी आधी तोंड उघडत नाही. मी म्हटलं असतं की हा माझा आजा, तर तो माझा दावा झाला असता. तुम्ही, त्या घराण्याच्या माणसानं म्हटलं असतं की कमान अमक्यानं बांधली, तर ती गोष्ट झाली असती. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून मी तुम्हाला रेघ रेघ करत वर नेत होतो. तट्टे झाले, तणावे झाले. आता फक्त माणूस राहिला होता.

आणि एक दिवस तुम्ही आनंदात म्हणालात, "सुखराम, सापडलं गा. तो वरचा मारुती आहे. हे पाय, मागं शेपटी."

शेपटी! तो दोर होता, गुरुजी. कमरेला खोचलेला बांधणीचा दोर, त्याचं टोक मागं लोंबत होतं. आजही माझी माणसं असाच खोचतात. तुम्ही माझ्या आज्याला वानर केलंत आणि काकींना हाक मारून दाखवलंत. मी चहा अर्धा टाकून उठलो. तुम्ही मागून विचारत होतात, काय झालं, साखर जास्त झाली का.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गेटसाठी नक्कल काढून दिलीत. मोठ्या कागदावर, पेन्सिलीनं, मापांसकट. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण वरच्या आकृतीचा उजवा हात वर होता. मी विचारलं, "हात काऊन बदलला?"

"आशीर्वाद उजव्या हातानंच देतेत," तुम्ही म्हणालात.

मला सातवीचा वर्ग आठवला. मी ठरवून टाकलं, की हा माणूस सगळं ओळखून आहे. त्यानं आधी शाळेत माझा हात बदलला आणि आता चित्रात आज्याचा बदलून राहिला. याच्या आजोबानं पान पाळीपलीकडे मांडलं, हा कागदावर तेच करून राहिला. नक्कल घडी करून खिशात घातली आणि गेट बांधायला घेतला.

गेट मी जीव लावून बांधला. तट्टे खास विणून घेतले, कापड लावलं नाही, थर्माकोल लावला नाही. टोकावरची शेवटची गाठ मी स्वतः चढून मारली. या वयात. डोमा खाली डोक्याला हात लावून उभा होता. तुम्ही त्या दिवशी आला होतात. खालून वर पाहत होतात, डोळ्यांवर हात धरून. उन्हामुळं तुमचा चेहरा मला दिसला नाही. तो दिसला असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

उत्सवाच्या दिवशी तुमचं चित्र घरातून वाजत गाजत आणलं आणि स्टेजवर ठेवलं. तुम्ही माइक हातात घेतला. तुम्ही स्टेजवर शाळेतली मराठी बोलायचा, तशीच बोललात. लोकांना म्हणालात, आपल्या पूर्वजांनी या पाळीवर दगडाची भव्य कमान उभारली होती, काळाच्या ओघात ती पडली, आणि तिच्यावर बसून मारुतीराया गावाला आशीर्वाद देत होते. टाळ्या पडल्या. मी माझ्याच गेटखाली उभा होतो. ज्या माणसाला मी दोन महिने तणावे दाखवले, त्याला मान हलवताना पाहिलं, तो गावासमोर दगड म्हणत होता. माझं नाव तुम्ही शेवटी घेतलंत. "आमच्या सुखरामने त्या पाषाणाची आठवण करून देणारी ही सजावट केली आहे." सजावट.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं आहे. मी डोमाला म्हटलं, खोल. त्याला वाटलं मी थट्टा करतो. म्हणाला, "सेठ, अभी? पंगत बैठने वाली है." मी म्हटलं, पंगत बसायच्या आधीच खोल. आमच्या घरानं एकदा कमान बांधून पंगत बाहेरून पाहिली आहे, हे मी मोठ्यानं म्हणालो की मनात, आता आठवत नाही. लोक म्हणतात मी फक्त शिव्या देत होतो. एकेक तट्टा खाली येत गेला, आतला बांबूचा सांगाडा उघडा पडला, आणि मी तुमच्या नकलेची घडी स्टेजवर तुमच्या पायाशी फेकली. तुम्ही म्हणालात, "सुखराम, झालं काय? सांग तं खरं." मी म्हटलं, "तुमालेच माहीत." आणि ट्रकवर चढलो.

ते आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर साडेतीन महिने. तुम्ही दोनदा निरोप पाठवलात. मी म्हटलं, आता चित्र देऊन तोंड बंद करायचं असेल. आलो नाही. तिसरा निरोप म्हणजे पुतण्याचा फोन.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी काकींकडे गेलो. चित्र पाहायला गेलो होतो, सांत्वनाला गेलो असं म्हणणार नाही. ते परत भिंतीवर होतं. काकींनी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "सुखराम, तू त्या दिवशी काऊन रागावला होता गा? ते शेवटपर्यंत विचारत होते. मी काय वाईट बोललो, मी काय वाईट बोललो."

मला वाटलं, या काहीतरी काढून घेऊन राहिल्या. मी म्हटलं, "त्यायले माहीत होतं काकी. बांबूची कमान आहे, हे त्यायले पटलं होतं. तरी दगड म्हणाले."

"पटलंच होतं न," काकी म्हणाल्या. "तुझ्या त्या दोराच्या गोष्टीनं पटलं. घरात मले स्वतः बोलले, बांबूचीच आहे म्हणून."

बघा, गुरुजी. माझा संशय खरा होता. मी मान ताठ करून बसलो. तेवढ्यात काकी पुढं बोलल्या.

"पण तूच म्हणत जाय न, बांबू अन् चिंध्या, एका दिवसाचा तमाशा. इतकी वर्षं म्हणत होता. ते म्हणाले, लोकांपुढे असं कसं बोलू? सुखरामचा धंदाच तो. लोक हसतीन त्याले. दगड म्हणतो, मान राहीन."

काकी खोटं बोलत असतील तर कशासाठी, हे मी सगळ्या बाजूंनी तपासलं. काही सापडलं नाही. चहा निवला. मी ज्या वस्तूवर जीव टाकला होता तिला नावं ठेवत होतो, आणि तुम्ही ती नावं खरी धरलीत. खरी धरून झाकलीत. माझा आजा माझ्याच तोंडानं चिंध्या झाला होता, त्याला तुम्ही दगडाचा केलात. कारण मी सांगितलंच नव्हतं, तो कोण आहे.

मी सवयीनं चित्राकडे बोट केलं आणि म्हणालो, कोपरा आणखी खाल्लेला दिसतो, ओल आली आहे, असं ठेवलं तर... काकी उठून आत जायला लागल्या. दारात थांबल्या. म्हणाल्या, "ते सांगून गेले हायेत. सुखराम चित्र मागीन तं देजो. पण नावं न ठेवता मागीन तेव्हाच."

मी बोट खाली घेतलं. मग म्हणालो. "काकी, तो वरचा माणूस माझा आजा आहे. ती कमान त्यानं बांधली. मले ते चित्र पायजे."

काकी जागच्या जागी उभ्या राहिल्या. "मारुती नाही?"

"नाही. ती शेपटी नाही. दोर आहे."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. "मंग इतके दिवस कायले नाही बोलला रे? पहिल्याच दिवशी देलं असतं न त्यायनं."

माझ्या धंद्यात या प्रश्नाला उत्तर नसतं.

चित्र उतरवताना काकींनी आतून आणखी एक वस्तू आणली. मी फेकलेली नक्कल. तुम्ही तिच्या घड्या पाटाखाली ठेवून सरळ केल्या होत्या. मी ती गाडीत बसून उघडली. कमान तशीच, तणावे तुम्ही नंतर रेखाटलेले, ताठ, झोल न देता. पताका एकही नाही. आणि टोकावरच्या माणसाचा उजवा हात खोडलेला. रबरानं घासून घासून कागद तिथं पातळ झाला आहे, उजेडाला धरला तर बोट दिसतं. शेपटीही नाही. पण डावा हात काढलेला नाही. जागा मोकळी आहे.

आता चित्र मुर्रीच्या गोदामात आहे. मी ते उलटं करून पाहिलं, चौकट हलवून पाहिली, खिळे पाहिले. काहीतरी अट असणार, काहीतरी मागणं असणार, इतकं सोपं कोणी काही देत नाही. काही मिळालं नाही. डोमा म्हणतो, सेठ, अब तो मान लो. मी अजून मान्य केलेलं नाही.

नक्कल मी चित्राशेजारी लावली आहे. त्या मोकळ्या जागेत हात मी काढणार नाही. ड्रॉइंगमध्ये तुम्ही मला कधी पास केलं नाही, आणि ते काम तुमचं होतं. तो उजवा हात तुम्ही खोडलात कधी? मी ट्रकवर चढून गेल्यावर? की त्या दिवशीच, मी कमानीच्या टोकावर चढून डाव्या हातानं शेवटची गाठ मारत होतो आणि तुम्ही खाली डोळ्यांवर हात धरून उभे होतात, त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन? पण त्या दिवशी कागद माझ्या खिशात होता. म्हणजे नंतर. म्हणजे माझा हात तुम्ही पाहिला होता, आणि तरी दगड म्हणालात. किंवा दगड म्हणालात आणि मग तो हात तुम्हाला आठवला. यातलं कोणतं, हे मी रोज बदलतो. चेहरा पाहून समोरच्याच्या मनातलं काढणं हा माझा धंदा, आणि तुमचा तेवढा एक चेहरा उन्हात राहून गेला.

म्हणून एक विचारतो. खोट काढत नाही, पाठ फिरवून उभा नाही, समोर उभा राहून विचारतो. तो डावा हात तुम्ही ओळखला होता का, गुरुजी? जे उत्तर असेल ते मला चालेल. भाव करणार नाही.